घर कुठे राहतं?

माणूस कोण आहे, काय करतो, सज्जन आहे की नाही, या प्रश्नांत कोणत्याही सरकारला फारसा रस नसतो. सरकारला एवढंच हवं असतं की तो झोपतो कुठे. झोपण्याची जागा एकदा नक्की झाली की बाकीचं सगळं, म्हणजे कर किती द्यायचा, मत कुठे द्यायचं आणि मेल्यावर मागे राहिलेल्यांनी कोणत्या खिडकीपुढे रांग लावायची, हे आपोआप ठरतं.

हे सत्य ऑर्लिन हेल्गेसनइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या झोपण्याच्या जागा तपासण्यात घालवली होती. पश्चिम मिनेसोटातल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यात, तो घरांचं मूल्यांकन करणारा अधिकारी होता. मालक स्वतः घरात राहत असेल तर घरपट्टीत सवलत मिळते, भाडेकरू ठेवला तर मिळत नाही. त्यामुळे काउंटीतली पुष्कळशी देवभीरू माणसं भाडेकरूला भाचा म्हणून दाखवत. ऑर्लिन घरात पाऊलसुद्धा न टाकता, नुसत्या खिडक्यांवरून ओळखायचा. (घरचा माणूस पडदा लावतो, भाडेकरू चादर टांगतो.) सेवाकाळात त्याने एकूण दोनशे चौदा भाचे पकडले. त्यांतले तीन खरोखरचे भाचे निघाले. त्या तिघांना त्याने लेखी दिलगिरी कळवली.

अशा माणसाला निवृत्तीनंतर कर या शब्दाचाच वीट यावा, यात विसंगती काही नाही. हलवाई पेढा खात नाही, त्यातलाच प्रकार. निरोपसमारंभाचा केक संपायच्या आत ऑर्लिनने छत्तीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर आणि लव्हॉनने कधीही न मागितलेला एक दूरदर्शन संच, जो बटण दाबलं की कपाटातून वर यायचा.

लव्हॉन म्हणजे त्याची बायको. नॉर्डवेल गावातल्या त्यांच्या दुमजली पांढऱ्या लाकडी घरात तिने अडतीस वर्षं काढली होती आणि चर्चच्या गायनवृंदात सव्वीस. आरव्ही दारात उभी राहिली तेव्हा तिने पदपथावरूनच ती न्याहाळली आणि म्हणाली, "बरी आहे." मिनेसोटात याचे सतरा अर्थ होतात. ऑर्लिनने त्यांतला सर्वांत सोयीचा घेतला.

घर विकायला लव्हॉन तयार होईना, म्हणून ते भाड्याने द्यायचं ठरलं. गावच्या गुरांच्या दवाखान्यात फोन घेणारी, रुग्णांच्या वेळा लावणारी टामरा किट्लसन ही तिशीची मुलगी सहा कोंबड्यांसह राहायला आली. महिना नऊशे डॉलर. (कोंबड्यांचं वेगळं नाही.)

मग हेल्गेसन दांपत्य सीमेपलीकडे साउथ डकोटात गेलं. हे राज्य माणसाच्या उत्पन्नावर कर घेत नाही, आणि त्या काळी तिथलं रहिवासी व्हायला एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि एक पत्ता पुरायचा. पत्ता ऑर्लिनने भाड्याने घेतला: टपालपेटी क्रमांक ४४१७. कपडे धुण्याच्या दुकानाला खेटून असलेल्या ज्या बैठ्या इमारतीत ही पेटी होती, तिच्यात कागदोपत्री सहा हजारांवर माणसं राहत होती. न्हाणीघर एकच होतं, तेही फक्त कर्मचाऱ्यांसाठी. तरी एवढ्या लोकांत कधी भांडण झाल्याचं ऐकिवात नाही, आणि सामुदायिक जीवनाचा याहून चांगला नमुना शोधूनही सापडायचा नाही.

तेव्हापासून ऑर्लिनने एक वही ठेवली. जुन्या राज्यात वर्षाकाठी एकशे त्र्याऐंशी दिवसांहून कमी राहावं लागतं, आणि दिवसाचा कुठलाही तुकडा पूर्ण दिवस धरतात. पहिल्या वर्षी हेल्गेसन दांपत्य मिनेसोटात एकूण नऊ दिवस राहिलं. म्हणजे मर्यादेपर्यंत अजून एकशे त्र्याहत्तर दिवसांची ऐसपैस जागा होती. पण ऑर्लिन खबरदारीवर विश्वास ठेवणारा माणूस. लव्हॉनच्या बहिणीची सत्तरी शनिवारी झाली, तेव्हा केकची बशी लव्हॉनच्या हातात असतानाच त्याने गाडी चालू केली.

"उद्या रविवार आहे," लव्हॉन म्हणाली. "सकाळी चर्चमध्ये गाऊन निघू."

"उद्या म्हणजे दहावा दिवस, लव्हॉन."

"मग काय होईल दहाव्या दिवशी?"

"तेच तर कोणाला माहीत नाही," ऑर्लिन गंभीरपणे म्हणाला.

दरवर्षी हिवाळा ते ॲरिझोनाच्या वाळवंटात काढत. तिथे त्यांच्यासारखीच शेकडो चाकांवरची घरं येऊन थांबतात आणि दिवसभर एकमेकांना आपण किती मुक्त आहोत ते सांगतात. ऑर्लिनच्या ज्ञानाला तिथे खरी किंमत आली. दर गुरुवारी, सगळ्यांनी आपापल्या घरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणानंतर, तो 'चाक आणि कर' या विषयावर बोलू लागला. सिद्धांत साधा होता: कर हा थांबलेल्या माणसाला लागणारा रोग आहे. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत एकतीस जोडप्यांनी त्याच्या सल्ल्याने आपापली घरं भाड्याने देऊन राज्यं बदलली होती. एका जोडप्याने तर कुत्र्याचाही पत्ता बदलून घेतला.

अशा ऐन बहरात मिनेसोटाच्या महसूल खात्याचं पत्र आलं. पेटी क्रमांक ४४१७ मधून निघून, तीन राज्यांतून त्यांचा माग काढत, ते पाच आठवड्यांनी पोचलं. मजकूर सभ्य होता. नॉर्डवेल येथील घराचं तीन वर्षांचं भाडं कोणत्याही विवरणपत्रात दिसत नाही, तरी कृपया खुलासा व्हावा.

ऑर्लिनने त्याच दुपारी फोन लावला. पलीकडे पाविच नावाच्या बाई होत्या.

"बाई, मी मिनेसोटाचा रहिवासी नाही," ऑर्लिन म्हणाला. "माझ्याकडे पावती आहे."

"हो, दिसतंय इथे. तुम्ही नाहीच आहात, साहेब. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही."

"मग?"

"तुम्ही कुठे राहता ते सोडा. घर कुठे राहतं?"

"घर राहत नसतं, बाई. घरात राहतात."

"बरं, मग घर आहे कुठे?"

"नॉर्डवेलला."

"आणि नॉर्डवेल?"

वाळवंटातून एक खारीसारखा प्राणी पळत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत ऑर्लिन बघत राहिला. "मिनेसोटात," तो शेवटी म्हणाला.

"झालं तर मग," पाविचबाई समजुतीने म्हणाल्या. "माणूस जाईल तिथे निवृत्तिवेतन जातं, पण घराचं भाडं घर असेल तिथेच मोजतात. एक फॉर्म आहे. घराचा घसारा वजा करा, विमा करा, छपराची दुरुस्ती करा. फार काही उरणार नाही हो. अगदीच जमलं नाही तर मला फोन करा, आपण मिळून भरू."

वास्तविक एकतीस वर्षं घरांवर कर आकारलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. पण घरपट्टी काउंटी घेते आणि उत्पन्नावरचा कर राज्य, आणि स्वतःच्या खात्याबाहेरचं काही कळणं हे ऑर्लिनच्या पिढीतल्या सरकारी नोकरांत उद्धटपणाचं समजत.

लव्हॉनने चर्चच्या जुन्या पत्रकाच्या पाठीवर हिशेब केला. तीन वर्षांचा मिळून कर निघाला एकसष्ट डॉलर.

"पाठवून देऊ," ती म्हणाली.

"प्रश्न एकसष्ट डॉलरचा नाही," ऑर्लिन म्हणाला.

(अनुभवी वाचकांना हे वाक्य ओळखीचं असेल. ज्या खर्चाची सुरुवात या वाक्याने होते, तो चार आकडी संख्येत कधीच आटपत नाही.)

प्रश्न प्रतिष्ठेचा होता. एकतीस जोडपी त्याच्या शब्दावर विसंबून होती. फॉर्म भरला की गुरुवारी उभं राहून सांगावं लागणार, की मित्रांनो, चाक फिरो न फिरो, घर जिथे आहे तिथे आहे. ऑर्लिनने दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर, लोणी लावलेला पाव तसाच हातात धरून, त्याने उत्तर जाहीर केलं. उत्तर इतकं तर्कशुद्ध होतं की लव्हॉनला त्यात खोट काढता येईना. घर मिनेसोटात आहे म्हणून कर लागतो. साउथ डकोटात असतं तर लागला नसता. नॉर्डवेलपासून साउथ डकोटाची सीमा नऊ मैल.

"म्हणजे?" लव्हॉन म्हणाली.

"घर हलवायचं."

तिकडे घरं हलवतात, यात नवल नाही. पायापासून सोडवून, खाली लोखंडी तुळया सारून, ट्रकवर चढवून नेतात. ठेकेदाराने आकडा सांगितला: त्रेचाळीस हजार डॉलर. सोबत एक अटही सांगितली. "जमीन गोठलेली आहे तोवरच. मार्चमध्ये बर्फ वितळलं की रस्ते मऊ पडतात. मग जड गाड्यांना बंदी. एकोणीस मार्चच्या आत झालं तर झालं."

परवानग्या लागल्या त्या अशा: काउंटीच्या रस्त्याची, गावच्या रस्त्याची, वीज कंपनीची (तारा उचलायला), टेलिफोन कंपनीची (त्यांच्याही तारा उचलायला), रेल्वेची (रूळ ओलांडायला), शेरीफची (मिरवणुकीपुढे चालायला), आणि एका म्हातारीची, जिच्या मेपलच्या दोन फांद्या आड येत होत्या. म्हातारीची परवानगी सर्वांत महाग पडली. ती लव्हॉनने दोन ट्रे रुबार्ब बार्स, म्हणजे त्या आंबट देठांच्या गोड वड्या, नेऊन मिळवली. रेल्वेची सर्वांत उशिरा आली.

टामराने विरोध केला नाही. फक्त करारनामा वाचला, जो ऑर्लिननेच लिहिला होता आणि अत्यंत बारकाईने लिहिला होता.

"मिस्टर हेल्गेसन, कलम नऊ. घर राहण्याजोगं नसेल त्या काळात मालकाने तितक्याच सोयीचं दुसरं घर द्यायचंय."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, टामरा."

"हो ना. दोन दिवस तुमच्या आरव्हीत राहते मी. शिवाय एक बघा, घर तिकडे गेलं की मी साउथ डकोटात राहणार आणि नोकरी इथे करणार. म्हणजे दोन राज्यांत पाय. माझ्या पगाराचा फॉर्म मला दुसऱ्या प्रकारचा भरावा लागेल. तुम्हाला अशा गोष्टी आवडतात, मला नाही. भाडं शंभराने कमी करा."

ऑर्लिनने केलं. आरव्ही नॉर्डवेलच्या रिकाम्या होणाऱ्या जागेवर, तळघराच्या खड्ड्याशेजारी लागली. टामरा सहा कोंबड्यांसह तीत राहायला गेली.

बारा मार्चला घर निघालं. नॉर्डवेलने शाळा अर्धा दिवस सोडली. माणसं घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन रस्त्याकडेला बसली. ऑर्लिन मागून चालत होता, आणि आपल्या घराची मागची बाजू रस्त्यावरून जाताना बघून त्याला, कारण नसताना, आईला दवाखान्यात नेत होते तो दिवस आठवला. लव्हॉन ठेकेदाराच्या गाडीत बसून होती. नऊ मैल ती आरशातून घर बघत होती. म्हणजे आठ मैल आणि थोडं वर.

कारण त्या दुपारी ऊन पडलं. पारा चढला, चाकांखालचा रस्ता पिठासारखा दबू लागला, आणि राज्याने जड वाहतुकीची बंदी एक आठवडा अलीकडे आणली. ठेकेदाराने घर एका बीटच्या शेताच्या कोपऱ्यात, जुन्या खळ्याच्या घट्ट जमिनीवर घेतलं आणि टोपी काढून डोकं पुसलं. साउथ डकोटाची स्वागताची पाटी तिथून साडेतीनशे पावलांवर होती. (ऑर्लिनने ती मोजली. जाऊन आणि येऊन.)

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"मे उजाडेल," ठेकेदार म्हणाला.

आरव्हीत टामरा. करारनाम्याप्रमाणे तिला काढता येईना. तेव्हा हेल्गेसन दांपत्य स्वतःच्याच घरात, तुळयांवर, जमिनीपासून पाच फूट उंचीवर राहायला गेलं. शेतकऱ्याने विजेची लांब तार दिली, पाण्याची टाकी दिली आणि दारापर्यंत चढायला बीटचे तीन खोके. ऑर्लिनने वही उघडून पहिला दिवस लिहिला.

चौथ्या दिवशी लव्हॉनने स्वयंपाकघरातून हाक मारली. "ऑर्लिन, इकडे ये. हे बघ."

"काय आहे?"

"साउथ डकोटा. अडतीस वर्षं या खिडकीतून मी धान्याचं कोठार बघितलं. इथून किती छान दिसतं, नाही? तिथे राहत होतो तेव्हा कधी दिसलं नाही."

त्या रविवारी ती गायला गेली. पुढच्या बुधवारी सरावाला. मग वाचनालयाचं कार्ड काढून आली, शिवणयंत्र बाहेर काढलं, आणि खळ्याच्या कडेला शेतकऱ्याला न विचारता रुबार्बचे सहा कंद लावले. ऑर्लिन प्रत्येक दिवस वहीत लिहीत होता आणि कंदांकडे बघत होता. रुबार्बला पहिलं पीक द्यायला दोन वर्षं लागतात.

एप्रिलच्या शेवटी काउंटीची गाडी आली. आतून केंडल उतरला, ऑर्लिनच्या जागी आलेला, ऑर्लिननेच हाताखाली तयार केलेला अधिकारी. हातात टेप होती.

"घर प्रवासात आहे, केंडल," ऑर्लिन खोक्यांवर उभा राहून म्हणाला. "ही तात्पुरती अवस्था आहे. नोंद करू नकोस."

केंडलने संकोचाने वर बघितलं. "सर, पडदे लावलेत."

ऑर्लिनने मागे वळून बघितलं. आठही खिडक्यांना. पिवळे, नवे, झालर लावलेले.

"आणि हे तुम्हीच शिकवलंय," केंडल म्हणाला, आणि मापं घेऊ लागला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंदी उठली. ठेकेदार ट्रक घेऊन आला. घरात माणूस असताना घर हलवता येत नाही असा नियम आहे, म्हणून ऑर्लिन खाली उतरला आणि लव्हॉनची वाट बघत उभा राहिला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत होती.

"मी उतरत नाही," ती म्हणाली.

"लव्हॉन, साडेतीनशे पावलं आहेत."

"माहीत आहे. तुझं सगळं ऐकलं मी, ऑर्लिन. वाळवंटात गेले. त्या टीव्हीला कपाटातून वर येताना बघून 'वा' म्हटलं. बहिणीचा केक गाडीत खाल्ला. अकरा राज्यांत कपडे धुतले. आता मला एका जागी धुवायचेत."

ठेकेदार आपल्या ट्रकच्या टायरचा अभ्यास करू लागला.

ऑर्लिन खोक्यावर बसला. त्याच्यापुढे सीमा होती, मागे बायको, आणि ताशी दोनशे दहा डॉलर दराने एक ट्रक उभा होता. आपल्याला राग आलाय की काय, हे त्याने स्वतःशी तपासून पाहिलं. सापडलं ते काही वेगळंच होतं. गेली तीन वर्षं मानेच्या मागे जे काहीतरी सतत आवळलेलं असायचं, ते सुटल्यासारखं वाटत होतं. हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "कॉफी आहे का?"

शेतकऱ्याने खळ्याचा तुकडा विकला, वाजवीपेक्षा थोडा जास्त घेऊन. घराखाली पाया आला. लव्हॉनने पाविचबाईंना एकसष्ट डॉलरचा चेक, एक पत्र आणि डबाभर रुबार्ब बार्स पाठवले. बाईंनी उलट टपाली पोच दिली आणि बार्सची कृती मागितली. हेल्गेसन दांपत्य मिनेसोटाचं पूर्ण रहिवासी झालं, आणि निवृत्तिवेतनासकट सगळ्याच उत्पन्नावर कर भरू लागलं. एकूण परिस्थिती पाहता ऑर्लिनने एकसष्ट डॉलर वाचवण्यासाठी एकूण एकाहत्तर हजार खर्च केले. हे प्रमाण कोणत्याही सरकारी प्रकल्पाशी ताडून पाहिलं तर समाधानकारकच म्हणावं लागेल.

त्याने एकतीस जोडप्यांना प्रामाणिकपणे पत्र लिहून सगळी हकीकत कळवली. एकोणतीस उत्तरं आली. सगळ्यांनी ठेकेदाराचा फोन नंबर मागितला होता.

आणि आरव्ही? ती टामराच्याच ताब्यात राहिली. दवाखान्याचे फोन कुठूनही घेता येतात हे तिच्या लक्षात आलं. जूनमध्ये ती कोंबड्या घेऊन निघाली, साउथ डकोटात एक मुक्काम केला आणि पावती घेतली. भाडं मात्र पहिल्या तारखेला न चुकता येई.

ऑर्लिनने पुन्हा पाविचबाईंना फोन केला. आता त्याचा आवाज पुष्कळ नरम होता.

"बाई, घर तर आम्हीच वापरतो. गाडी भाड्याने आहे. पण ती मिनेसोटात नाही."

"मग कुठे आहे?"

"काल आयोवात होती. आज मिसूरीत असेल."

"अच्छा," पाविचबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "बघा, तुम्ही आमचे रहिवासी, तेव्हा सगळं भाडं आमच्याकडे दाखवायचंच. शिवाय फिरती वस्तू भाड्याने दिली की ती जिथे वापरली जाते तिथलंही राज्य विचारू शकतं. आयोवाचं आयोवाला विचारा, मिसूरीचं मिसूरीला. किती राज्यांत जाणार आहे ती?"

टामरा त्या वर्षी नऊ राज्यांत गेली. पुढच्या वर्षी चौदा. आता दर रविवारी, चर्चहून आल्यावर, ऑर्लिन तिला फोन करतो, आठवड्यात कुठे कुठे किती दिवस थांबली ते विचारून नव्या वहीत लिहून घेतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत स्वयंपाकघराच्या टेबलावर जेवायला जागा नसते. सगळीकडे निरनिराळ्या राज्यांचे फॉर्म. बहुतेकांवर शेवटी शून्य येतं. ते शून्य तो फार सुबक काढतो. लव्हॉन म्हणते, इतका खूश तो नोकरीतही नव्हता.

एवढं वाचून, वाचकहो, तुम्ही हसला असाल तर ते योग्यच आहे. परदेशातली माणसं, त्यांची चाकं, त्यांच्या पावत्या. आपल्याकडे असली सोंगं कोण करतो? फक्त एक करा. मागच्या महिन्यात बँकेत दिलेला तो अर्ज आठवा. त्यात दोन रकाने होते: 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. दुसऱ्या रकान्यात तुम्ही ज्या घराचा पत्ता घातलात, तिथे तुम्ही गेल्या वीस वर्षांत किती दिवस राहिलात, हे आम्ही विचारत नाही. तिथे सध्या जे कुटुंब राहतं, ते दर महिन्याला पाकिटातून काय आणून देतं आणि ते पाकीट कोणत्या विवरणपत्रात दिसतं, हेही नाही. पण अर्जाच्या तळाशी 'वरील सर्व माहिती सत्य आहे' अशी एक ओळ होती. तिच्याखाली सही तुमचीच आहे, आणि अक्षर, खरं सांगायचं तर, अगदी ठाम आलंय.